मुलाण्याचं पान

गेल्या डिसेंबरात आमच्या बी.एड.च्या बॅचचे चौदा जण तिकोणा पेठेत जमलो होतो. पुण्याहून दोन गाड्या, तळेगावहून एक, आणि एक सर लोकलने कामशेतला उतरून पुढे जीपने. सकाळी किल्ला चढायचा, दुपारी पेठेत जेवायचं आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचं, असा बेत. आम्ही सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास. गुडघे कुरकुरतात, पण तिकोणा फार अवघड नाही. वर त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे, तळं आहे, कातळात कोरलेली लेणी आहेत. खाली पवना धरणाचं पाणी पसरलेलं, आणि भोवती तुंग, लोहगड, विसापूर.

जेवण जिथे ठरवलं होतं त्याला हॉटेल म्हणावं की घर, हे सांगणं कठीण. पुढे पत्र्याची शेड, तिथे चार टेबलं. आत घराची मोठी खोली, ती ग्रुपसाठी राखलेली. किल्ल्यांच्या पायथ्याला अशी ठिकाणं आता बरीच झाली आहेत. दोन दिवस आधी फोन करायचा आणि माणसं किती ते सांगायचं, त्यात व्हेज किती आणि नॉनव्हेज किती. त्या आकड्यावर कोंबडी आणली जाते, त्या आकड्यावर भाकरीचं पीठ काढलं जातं. पिठलं, ठेचा, रस्सा आणि इंद्रायणीचा भात. हा तांदूळ इथलाच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं वाण. वाढायला घरचीच माणसं. खोलीचं दार लोटलं की ती खोली तेवढ्यापुरती आपली.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी फिरली तेव्हा मी नेहमीप्रमाणे माझ्या नावापुढे 'व्हेज' लिहिलं.

मी शाकाहारी नाही. पण गेली वीस वर्षं शाळेच्या सहलीत, प्रशिक्षणात, निवडणुकीच्या ड्युटीवर, सहकाऱ्यांच्या घरच्या कार्यात मी व्हेजच असते. "हे हलाल आहे का?" असं विचारलं की चाललेलं बोलणं क्षणभर थांबतं. कुणी वाईट बोलत नाही. नुसतं थांबतं. मग कुणीतरी समजूतदारपणे विषय बदलतं. तो एक क्षण टाळायला मी बटाट्याची भाजी खात आले आहे. हे वाचणाऱ्या बऱ्याच भगिनींना आणि बंधूंना हे सांगायची गरज नाही. त्यांनाही ती भाजी पाठ असेल.

खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. समोरासमोर दोन रांगा, वाढायला सोपं जावं म्हणून एक व्हेजची आणि एक नॉनव्हेजची. घरच्या मालकीणबाई वाढत होत्या, वय साठीच्या पुढे. पलीकडून कुणीतरी हाक मारली, "परवीन, ठेचा इकडे सरकव." बाई माझ्यासमोर थांबल्या.

"ताई, तुमी कोंबडी खात न्हाई व्हय?"

मी काहीतरी पुटपुटले.

"मुलाण्यानंच कापलीया. आमच्यात दुसऱ्यानं कापलेलं चालत न्हाई. आमचे मालक हात बी लावायचे न्हाईत." आणि रश्श्याची वाटी माझ्या ताटाशी ठेवून त्या पुढच्या पानाकडे गेल्या.

एक सर म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं हलालच खातोय की काय?" सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र त्या वाक्यावरून मी बरंच काही शोधत, वाचत आणि आठवत बसले. त्यातून हा लेख झाला. कोण कुणाबरोबर, कुणाच्या हातचं आणि कोणत्या रांगेत जेवतं, हा आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातला लहान प्रश्न नाही.

*

माझे आजोबा गावचे मुलाणी होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगते. जुन्या गावगाड्यात बलुतेदार असत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांच्यासोबत बऱ्याच याद्यांत मुलाणा किंवा मुलाणी येतो. गावची मशीद किंवा पिराचं ठाणं सांभाळणं, निकाह लावणं ही त्याची कामं. पण मुसलमानांची दोन-चारच घरं असलेल्या गावातही मुलाणी लागायचा, कारण त्याचं तिसरं काम सगळ्या गावाचं होतं. जत्रेत, लग्नात, शेतातल्या देवाला बकरं द्यायचं तर सुरी मुलाण्याने फिरवायची. त्या बदल्यात सुगीला खळ्यावरचं धान्य आणि प्रत्येक जनावरामागे ठरलेला वाटा.

साताऱ्याला इंग्रजांचा राजकीय अधिकारी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात गावच्या बलुतेदारांची माहिती देताना तो मुलाण्यापाशी थांबतो. मुलाण्याने नियत बोलल्याशिवाय खेड्यातले मराठे सहसा मटण खात नाहीत, अशी त्याची नोंद आहे. मोबदला म्हणून पैसा-दोन पैसे आणि जनावराचं काळीज, असा मुलाण्याचा हक्क तो सांगतो. म्हणजे पेशवाई नुकतीच संपली होती तेव्हाचा हा रिवाज आहे, आणि तिकोणा पेठेतल्या बाई परवा जे बोलल्या ते त्याच रिवाजाचं शेवटचं टोक आहे. त्यांना ही गोष्ट धर्माची वाटत नव्हती. ती त्यांच्या घरची रीत होती. रीत मोडली तर त्यांच्या मालकांना घास उतरला नसता.

हे आज लिहायला एक कारण आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी 'मल्हार' नावाच्या प्रमाणपत्राची घोषणा केली. कुणी कुठलं मटण घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण आपल्या गावांत मुलाण्याची सुरी कुणी लादली नव्हती. पाटलाच्या घरी पाटीलच त्याला बोलावणं धाडत होता. हा इतिहास विसरला तर आपल्याच आजोबा-पणजोबांचं जेवण आपल्याला परकं वाटू लागेल.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे.

दादा गावातल्या प्रत्येक कार्याला असायचे. पहाटे जायचे, काम करायचे, हात धुऊन बाजूला बसायचे. दुपारी पंगत बसायची तेव्हा दादांचं पान पंगतीत नसायचं. ओट्याच्या कडेला, कधी गोठ्याच्या सावलीला, आणि पितळी आपल्या घरून नेलेली. अब्बा लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे. ते सांगायचे की वाढणारे हात आखडते नव्हते, भरपूर वाढायचे, आग्रह करायचे, पण वाढताना पळी उंच धरायचे. दादांना त्याबद्दल राग होता का, असं मी एकदा विचारलं. अब्बा म्हणाले, "राग कशाचा? तेव्हा तसंच होतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण पितळी न्यायची मला लाज वाटायची."

ज्याच्या हाताशिवाय जेवण सुरूच होत नाही, त्याचं पान पंगतीबाहेर. या एका गोष्टीत आपल्या समाजाचा बराच इतिहास आहे.

*

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. पंगत हा शब्द संस्कृत पंक्तीवरून आला. पंक्ती म्हणजे रांग. रांग म्हटली की तिला सुरुवात आली, शेवट आला, आतला आणि बाहेरचा आला. आपल्या जुन्या समाजात 'पंक्तिपावन' आणि 'पंक्तिबाह्य' हे शब्द माणसांना लावले जात.

गावाकडे दुसरा एक शब्द आहे, कंदुरी. पिराला नवस बोलायचा आणि तो फिटला की बकरं कापून लोकांना जेवू घालायचं, ती कंदुरी. नवस बोलणारी घरं कितीतरी वेळा हिंदूच असतात. मुलाणी फातिहा देतो, सुरी फिरवतो, माळावर चुली पेटतात आणि सगळ्यांनी जेवायचं. फारसी कोशात कंदुरी शब्द पाहिला तर त्याचा अर्थ मिळतो जेवणाखाली अंथरायचं कापड किंवा कातडं, म्हणजेच दस्तरखान. अंथरलेल्या कापडाला कडा असतात, पण माणसं चारी बाजूंनी बसतात. पहिलं पान कुठलं हे सांगता येत नाही.

आणि मेजवानी? हा शब्द फारसी मेजबानीचं मराठी रूप आहे. मेजबान म्हणजे यजमान. आज कुठल्याही मराठी घरात मेजवानी ठरते तेव्हा शब्द इराणचा, पानं मराठी, आणि बसणारे कोण हे मात्र प्रत्येक काळाने वेगळं ठरवलं.

शब्द उदार असले म्हणून व्यवहार उदार असतो असं नाही. कंदुरीतही ज्यांना शिजवलेलं चालत नसे त्यांना कोरडा शिधा दिला जाई, आणि पूर्वी अस्पृश्य मानलेल्या लोकांना लांब बसवलं जाई. पिराच्या माळावरही जात पोचलेली होती.

*

ज्या पेठेत आम्ही बसलो होतो तिचंच बघा. किल्ल्याखाली जी बाजारवस्ती वसते ती पेठ. गडावर शिबंदी आली की खाली वाणी, तेली, लोहार, मुलाणी सगळे आले. तिकोणा पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने घेतला. १६५७ मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तिकोणाही होता, आणि पुढे तो परत स्वराज्यात आला. गडावरचं निशाण असं बदलत राहिलं. खाली पेठेत कोणी कुणाच्या हातचं खावं याचे नियम निशाणाबरोबर बदलले नाहीत. राज्यं बदलणं सोपं असतं. पंगत बदलायला फार वेळ लागतो.

ती बदलायचा एक पहिला धाडसी प्रयत्न झाला मुंबईत, आणि तोही लोटलेल्या दाराआड. १८४९ साली काही शिकलेल्या तरुणांनी परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा काढली. तिच्यामागे दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, मराठीचे व्याकरणकार. मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासचे ते प्रमुख होते, म्हणजे आम्हा बी.एड.वाल्यांचे पूर्वजच. राम बाळकृष्ण जयकर सभेचे अध्यक्ष. जातिभेद मोडायचा हा सभेचा मुख्य उद्देश. नव्या सभासदाची परीक्षा जेवणाने व्हायची. ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं. ते करून दाखवलं की तो आत. सभासद एकत्र बसून जेवत, प्रार्थना म्हणत, आणि बाहेर कुणाला कळू देत नसत. बाबा पदमनजी काही काळ या सभेत होते. पुढे ते ख्रिस्ती झाले आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी या मंडळींविषयी लिहिलं.

आज आपल्याला हसू येईल, की पाव आणि पाणी यात कसलं धाडस? पण त्या काळात एवढ्यावरून माणूस वाळीत पडायचा. त्याच्या बहिणीचं लग्न मोडायचं, बापाच्या प्रेताला खांदा मिळायचा नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी विखुरली. त्यातल्या काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा करायला हातभार लावला.

मला या तरुणांबद्दल आदर आहे. तरी दर वेळी हे वाचताना मी त्या पाणी आणणाऱ्या मुसलमानापाशी अडखळते. तो कोण होता? भिश्ती असेल, घरगडी असेल. त्याच्या हाताच्या पाण्याने दुसऱ्याची जात मोडत होती, पण तो त्या खोलीत सभासद म्हणून बसत नव्हता. पाणी ठेवून त्याने दार ओढून घेतलं असेल. पावाच्या भट्टीवाल्याचंही तेच. सुधारणेला त्यांच्या हाताची गरज होती, त्यांच्या सोबतीची अजून नव्हती. दादांचं ओट्यावरचं पान आणि मुंबईतल्या त्या खोलीबाहेर उभा असलेला पाणक्या, हे दोघं माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत.

*

यानंतर चाळीस वर्षांनी पुण्यात एका चहावरून गदारोळ झाला, आणि त्याचा एक धागा आमच्या मावळात येतो.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रम झाल्यावर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी बाजूला ठेवला. हा सगळा डाव गोपाळराव जोशी यांचा, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या पतींचा. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. मग तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, आणि शहरात दोन तट पडले. घरोघरी श्राद्धाला भटजी मिळेनात.

रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्या उन्हाळ्याच्या सुटीत ते लोणावळ्याला राहत होते, असं रमाबाई रानडे आपल्या आठवणींत सांगतात. स्वतःसाठी त्यांना गरज वाटत नव्हती. पण त्यांच्यामुळे मित्र अडकले होते, घरच्यांचे हाल होत होते. ते लोणावळ्याहून पुण्याला गेले, विधी उरकला आणि परत आले. सुधारक मित्रांनी त्यांच्यावर टीका केली. रमाबाईंनाही वाईट वाटलं.

मी शाळेच्या कामासाठी लोणावळ्याला जाते तेव्हा मला ही गोष्ट आठवते. एवढा मोठा माणूस, पुढे हायकोर्टात पोचलेला विद्वान, एका कप चहासाठी गाडीत बसून प्रायश्चित्ताला गेला. तो भित्रा नव्हता. आपल्या माणसांची अडचण होऊ नये म्हणून तो एक पाऊल मागे आला. यादीत 'व्हेज' लिहिताना मीही स्वतःला हेच सांगत असते, की कुणाची अडचण नको. रानड्यांशी माझी तुलना करायची नाही, तेवढी मी वेडी नाही. पण 'अडचण नको' या दोन शब्दांनी किती मोठी माणसं मागे खेचली गेली आहेत, हे मला लोणावळ्यामुळे कळलं.

*

मग पंगत बदलली कशाने? माझ्या मते व्याख्यानांपेक्षा जास्त तीन गोष्टींनी: रेल्वे, हॉटेल आणि कायदा.

आमच्या मावळातून रेल्वे फार लवकर गेली. पुणे-खंडाळा मार्ग १४ जून १८५८ ला सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाट पार होऊन पुणे-मुंबई थेट जोडली गेली. एकाच डब्यात, एकाच बाकावर सगळ्या जातींचे लोक बसू लागले. स्टेशनांवर मात्र पुढे कितीतरी वर्षं 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या होत्या, वेगवेगळी उपाहारगृहं होती. बाक एक झालं होतं, पेला झाला नव्हता.

पेल्याचं काम इराण्यांनी केलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मुंबईत आणि मग पुण्यात इराणी हॉटेलं निघाली. ती चालवणारे बहुतेक झरतुष्टी, काही मुसलमान. पुण्यातलं गुडलक १९३५ साली इराणहून आलेल्या हुसेन अली याक्षी यांनी सुरू केलं. इराण्याच्या हॉटेलात गिऱ्हाइकाला जात विचारायचं कारण नव्हतं. बन-मस्का आणि चहाचे पैसे दिले की संगमरवरी टेबल तुमचं. कोपऱ्यात पडदा लावलेली फॅमिली रूम असायची, तिथे बायका निवांत बसू शकायच्या. माझी नानी आयुष्यात पहिल्यांदा बाहेर चहा प्यायली ती अशाच एका पडद्यामागे, बुरखा वर करून. परमहंस मंडळींना जे करायला शपथ आणि गुप्त खोली लागली, ते इराण्याने दोन आण्यांत करून दाखवलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच ठरवून केलं. त्यांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना मदत देऊन चहाचं हॉटेल काढायला लावलं. 'सत्यसुधारक' त्याचं नाव. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. ज्या राजाने १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात संस्था उभी करायला पुढाकार घेतला, त्याला हॉटेलची ताकद कळली होती. चहा उघड्यावर प्यायचा, सगळ्यांना दिसेल असा. हा त्याचा आणि परमहंस मंडळींचा फरक.

शेवटी १९५० मध्ये ही गोष्ट संविधानात आली. कलम १५ च्या दुसऱ्या भागात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत मज्जाव करता येणार नाही, असं आहे. मी नागरिकशास्त्र शिकवताना मुलांना मुद्दाम दाखवते, की बघा, देशाच्या संविधानात हॉटेल हा शब्द आहे. मुलं हसतात. मग मी त्यांना दादांची पितळी सांगते.

*

पण कायदा दारापर्यंत नेतो. आतल्या खोलीत कोण कुठे बसणार हे आपणच ठरवतो. आणि इथे मला आपल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धा राहील.

आपल्याकडे दस्तरखानाचा फार अभिमान. कुरआनातल्या एका सूरतीचं नावच दस्तरखानावरून आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. पण मुलाणी, खाटीक, पिंजारी, बागवान, अत्तार अशा बिरादऱ्या आपल्यातही आहेत. जेवायला सगळे एकत्र बसतात, हे खरं. सोयरिकीचा विषय निघाला की तोच दस्तरखान गुंडाळला जातो. माझ्या लग्नाच्या वेळी एका घराने "मुलाण्यांची मुलगी" म्हणून नकार कळवला होता. ते लोक नमाजी होते आणि आमच्याकडे पोटभर जेवून गेले होते. बायका पुरुषांनंतर जेवतात, उरलंसुरलं खातात, हे हिंदू घरांइतकंच आपल्याही घरांत होतं आणि आहे.

आणखी एक. आमच्याकडे लग्न असलं की हिंदू पाहुण्यांसाठी वेगळा मांडव, वेगळा आचारी, वेगळी भांडी. माझ्या चुलत्याच्या लग्नात तर गावातल्या काही घरांना नुसता शिधा पोचवला होता. आपण ते आदराने करतो, त्यांच्या मनाला लागू नये म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण पन्नास वर्षांत आपण कधी विचारलं का, की तुम्हाला खरंच वेगळा मांडव हवा आहे का? कदाचित त्यातल्या अर्ध्या लोकांना बिर्याणीच्या वासाने भूक लागत असेल. त्यांनी विचारलं नाही, आपण विचारलं नाही. रीत चालू राहिली.

*

तर त्या दुपारी मी रश्श्याची वाटी पुढे ओढली. भाकरी मोडली आणि खाल्लं. झणझणीत होतं, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. वाढपाच्या दुसऱ्या फेरीला बाईंनी न विचारता आणखी एक फोड घातली. रांग व्हेजची होती, पण कुणी काही बोललं नाही. शेजारी बसलेल्या जोशी मॅडमनी नुसती आपली ताकाची वाटी थोडी सरकवून जागा करून दिली.

पैसे द्यायला मी शेडमध्ये गेले तेव्हा बाईंना विचारलं, "मुलाणी इथलेच का?"

"शेजारच्या गावचे. सकाळी येऊन गेले."

"चहा घेतला का त्यांनी?" मला दुसरं काहीतरी विचारायचं होतं, ते बाईंना कळलं नाही, किंवा कळलं असेल.

"घेतला की. आत चुलीपाशी बसले व्हते. थंडी किती व्हती सकाळच्याला."

परतीच्या गाडीत एका मैत्रिणीने विचारलं, "अगं, तू कोंबडी खातेस? आम्हाला वाटलं तू शाकाहारी." मी म्हटलं, "बी.एड.ला असताना माझ्या डब्यातला खिमा कुणी संपवायचं?" ती विचारात पडली. म्हणाली, "मग नंतर कधी सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." ती म्हणाली, "विचारलं तर तुला वाईट वाटेल असं वाटायचं."

कामशेत येईपर्यंत आम्ही दोघी यावर गप्प होतो. वीस वर्षं ती माझं मन जपत होती आणि मी तिचं, आणि त्या जपण्यात आमच्यामध्ये एक रांग आखली गेली होती. ती कुठल्या मुल्लाने किंवा भटजीने आखली नव्हती.

या वर्षी बॅचचं जेवण पुन्हा तिथेच ठरलं आहे. यादी फिरली तेव्हा मी नावापुढे लिहिलं, 'नॉनव्हेज. मुलाण्याने कापलेलं असेल तरच. तिथे असतंच.' खाली तीन अंगठे आले, आणि जोशी मॅडमनी लिहिलं, 'या वेळी दोन रांगा नकोत. गोल बसू.'

अब्बांना हे फोनवर वाचून दाखवलं. त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलाही न्या की एकदा. चढायचं नाही, नुसतं जेवायला."

यादीत आम्ही आता पंधरा आहोत.